चैत्र पुनवेच्या आत कांदा निघायला हवा



आज २२ मार्च. रस्त्याकडच्या अडीच एकरातल्या कांद्याला लागणीपासून ११७ दिवस झाले. वाण एन-२-४-१. सकाळी चार वाफ्यांत मोजलं, शंभरातल्या तीस-पस्तीस रोपांच्या माना पडल्यात. रंग चांगला, आकार एकसारखा, डेंगळे नावाला. पाणी ५ मार्चला बंद केलंय. एरवी मी यावर दोन ओळी लिहून मोकळा झालो असतो. पण यंदा हे रान ३१ मार्चच्या संध्याकाळी मोकळं करून द्यायचंय, कारण २ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, गावची यात्रा, आणि रात्री तमाशा उभा राहणार तो याच रानात.

बरेच जण विचारतात, तमाशाचा आणि शेतीच्या नोंदींचा काय संबंध? आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात फार जवळचा संबंध आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या गावात पूर्वी तमाशा खळवाडीत व्हायचा. नव्या पोरांना शब्दसुद्धा माहीत नसेल. देवळामागं सगळ्या गावाची खळी होती. ज्वारी, हरभरा, गहू तिथं यायचा, पातीला बैल जुंपून मळणी व्हायची. फाल्गुन संपेपर्यंत धान्य घरात आणि कडबा गंजीला लागायचा, की खळवाडी रिकामी. जमीन शेणानं सारवून, बैलांच्या पायांनी दाबून सिमेंटसारखी झालेली. माणूस मोकळा, हातात चार पैसे, चांदणं टिपूर. यात्रा चैत्रात का, याचं उत्तर मला तरी इथंच दिसतं. देवाची तिथी आणि पिकाचं वेळापत्रक एकमेकांना धरून होतं.

मग डिंभे धरणाचं पाणी कालव्याला आलं. विहिरी टिकायला लागल्या. ज्वारी-हरभरा मागं पडला आणि उन्हाळी कांदा आला. मळणी यंत्र बांधावर यायला लागलं, खळवाडीची गरज संपली. आज तिथं पाण्याची टाकी आहे, समाजमंदिर आहे, चार घरं आहेत. देवाची तिथी होती तिथंच राहिली, पीक मात्र सरकलं. आता चैत्र म्हणजे आमच्याकडं वर्षातला सगळ्यात धावपळीचा महिना. कांदा काढणीला, मजूर मिळेना, आणि गावोगाव यात्रा. आज या गावची, उद्या त्या गावची. मजूर काय आणि मालक काय, पाहुण्यांकडं जावंच लागतं.

त्यात तिथीचा घोळ वेगळा. जरा आकडे बघा. हनुमान जयंती म्हणजे आमच्या यात्रेचा दिवस. २०२४ ला ती २३ एप्रिलला होती. २०२५ ला १२ एप्रिल. यंदा २ एप्रिल. दोन वर्षांत २१ दिवस अलीकडं. कांदा काही पंचांग बघून पिकत नाही, त्याला लागणीपासून त्याचे दिवस लागतातच. म्हणजे २०२४ च्या हिशेबानं लागण केली असती, तर यंदा यात्रेला कांदा कच्चा. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळं पुढच्या वर्षी २०२७ ला हा दिवस परत २० एप्रिलवर जाईल. कालव्याच्या पट्ट्यातल्या ज्यांच्या रानाला यात्रेचा वापर असतो त्यांनी लागणीची तारीख ठरवताना कॅलेंडरचं एप्रिलचं पान आधी उलटावं.

मी रान द्यायचं कबूल केलं ते मागच्या दिवाळीत. गावची बैठक झाली, जागेचा प्रश्न निघाला. गायरानात आता सोलरचे खांब आलेत, शाळेच्या पटांगणात गाड्या मावत नाहीत. रस्त्यालगत, सपाट, वरून तारा न गेलेलं असं रान गावात आमचंच. नाना, म्हणजे यात्रा कमिटीचे अध्यक्ष, नात्यानं माझे चुलते. म्हणाले, "तुझ्या आज्यानं खळवाडीत मांडवाचा पहिला खांब रोवलेला मी बघितलाय. नाही म्हणू नको." मी म्हटलं, "नाना, रान देतो. पण कांदा घेऊन देतो, पीक सोडून नाही." तिथून उलटी मोजणी सुरू केली. ३१ मार्चला रान रिकामं हवं. त्याआधी पात कापून माल उचलायला दोन दिवस. त्याआधी रानात पातीखाली सुकायला तीन-चार दिवस. म्हणजे काढणी २५ मार्चला. त्यातून १२० दिवस वजा केले, तर २५ नोव्हेंबर. त्याच दिवशी लागण सुरू केली. दोन एकर लागले. मागच्या अर्ध्या एकराला रोप कमी पडलं, ते २ डिसेंबरला लागलं. हा अर्धा एकर मी यात्रेला देणार नाही, ते नानांना तेव्हाच सांगितलंय. तिथं शेडनेटचं कुंपण मारणार.

आता तमाशा ठरवायचा विषय. हा गावात वाटतो तेवढा सोपा राहिलेला नाही.

बैठकीत पोरांचं म्हणणं होतं, ऑर्केस्ट्रा आणा. लायटिंग, मोठे स्पीकर, हिंदी गाणी, मोबाईलवर टाकायला बरं. खर्चही बराच तसाच. वयस्करांचं म्हणणं, यात्रा आणि तमाशा वेगळे काढता येत नाहीत. दोन तास वाद चालला. शेवटी पोरांमधल्याच एकानं, जो पुण्यात कंपनीत आहे आणि वर्गणी वेळेवर देतो, विचारलं, "ऑर्केस्ट्रा मला तिकडं दर महिन्याला बघायला मिळतो. मग सुट्टी टाकून गावाला कशाला येऊ?" तिथं विषय संपला. घरटी हजार रुपये पट्टी ठरली. नोकरीवाल्यांनी वर ज्याचं त्यानं द्यायचं.

पाडव्याच्या आधी आम्ही चौघं नारायणगावला गेलो. विठाबाईंचं गाव. तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नाही. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा बोर्ड, आत मॅनेजर, समोर वही. गावोगावचे पुढारी टोप्या-उपरणी घालून या राहुटीतून त्या राहुटीत. अगदी आपल्या बाजार समितीसारखं. फरक एवढाच की इथं माल म्हणजे तारीख. अष्टमीला आणि पुनवेला एकाच रात्री कितीतरी गावांच्या यात्रा, त्यामुळं त्या तारखांचा भाव चढा. मधल्या एखाद्या आडतिथीला तोच फड बराच स्वस्तात मिळतो. आमची नेमकी पुनव. घासाघीस करून शेवटी एका मध्यम फडाची सुपारी ठरली. दोन ट्रक, कलाकारांची एक बस, जनरेटर त्यांचा. जागा, पाणी आणि शिधा आमचा.

मॅनेजर साठीतला माणूस. वही मिटताना सहज बोलला. २०२० ला पाडवा २५ मार्चला होता, आणि लॉकडाऊनचा पहिला दिवसही तोच. राहुट्या लागलेल्या, इसार घेतलेले, सगळं जागच्या जागी थांबलं. पुढच्या वर्षीही एप्रिलमध्ये परत निर्बंध. दोन हंगाम गेले. तो म्हणाला, "तुमचा कांदा एक साल गेला तर रान तरी राहतं. आमचे कलाकार मजुरीला गेले, त्यातले काही परत आलेच नाहीत. चांगला ढोलकीवाला तयार व्हायला दहा वर्षं लागतात." मंडळी, बियाणं मोडलं की वाण जातो, हे आपल्याला कुणी समजवायची गरज नाही. मला तेव्हा तेच आठवलं.

दुसरी अडचण वेळेची. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवून देऊ शकतं. नियमाच्या मागचं कारण मला पटतं, दवाखाना आणि परीक्षेची पोरं आमच्याही गावात आहेत. पण रात्रभर रंगणारा खेळ आता तीन-चार तासांत बसवावा लागतो. गण, गौळण, बतावणी होईस्तोवर घड्याळ पुढं गेलेलं असतं आणि वगाला कात्री लागते. आम्ही यावर उपाय म्हणून पालखी आणि छबिना लवकर उरकायचं ठरवलंय. तमाशा आठला उभा राहिला पाहिजे. पाहुण्यांच्या सत्काराचे नारळ पाचच. यावर कमिटीत सगळ्यात जास्त रुसवेफुगवे झाले, पण ठराव झाला.

आता घरातली गोष्ट. रान द्यायचं ठरलं तेव्हा आमच्या सौ. गप्प होत्या. नाना जागा बघायला आले तेव्हा चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "नाना, त्या बाया आंघोळ कुठं करणार?"

नाना म्हणाले, "विहिरीवर पाणी आहे की सूनबाई. मोटर चालू करून देऊ."

"पाणी आहे, आडोसा कुठंय? रात्रभर नाचून, रात्रभर बसमधून आलेल्या असतात. मागं शाळेत उतरवलं होतं तेव्हा ताडपत्री धरून आंघोळी केल्या त्यांनी. आणि पोरं भिंतीवर चढून बसली होती. आमच्या रानात ते चालायचं नाही. आधी न्हाणी बांधा, मग मांडव."

नानांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. गेल्या आठवड्यात विहिरीजवळच्या गोठ्याला लागून पत्र्याच्या चार न्हाण्या आणि दोन संडास झाले. दारं आतून कडी लागणारी. पाण्याची टाकी वर, दिवा बाहेर. बचत गटाच्या चार बायका त्या दिवशी तिथं थांबणार, शिधाही त्याच देणार. खर्च कमिटीचा, पण पत्रे आमचेच राहणार, पुढं कांदा काढायला येणाऱ्या मजूर बायकांनाही उपयोग होईल. खरं सांगायचं तर शेतावर बायकांसाठी ही सोय आधीच असायला हवी. कितीजणांच्या रानात आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाशी बघावं.

आता मातीचं. कृषीवाल्या मित्रांना यात जास्त रस असेल.

माझं रान मध्यम काळं. माणसांच्या पायांची मला फारशी काळजी नाही. पाय वरची दोन-चार इंच दाबतात, ते नांगरटीत आणि उन्हाळ्याच्या भेगांत सुटतं. काळजी ट्रकची. भरलेला ट्रक पंधरा टनांच्या आसपास जातो, त्याचा दाब फाळाच्या खाली पोचतो. तिथं एकदा थर घट्ट झाला की पावसाचं पाणी मुरत नाही, मुळी आडवी पसरते, आणि पुढं दोन-तीन वर्षं आपण खताला दोष देत बसतो. पण हा दाब ओलीवर फार अवलंबून असतो. कोरडी काळी माती बरंच वजन सोसते, ओली सोसत नाही. कांदा टिकण्यासाठी काढणीआधी पाणी तोडावं लागतं, तेच इथं कामाला येतंय. ५ मार्चपासून २ एप्रिलपर्यंत २८ दिवस कोरडे मिळतील. आदल्या दिवशी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून बघणार. लाडू झाला तर ट्रक आत नाही. भुगा झाला तर येऊ द्या.

इथंच कमिटीशी थोडी खटपट झाली. दरवर्षी धूळ बसावी म्हणून आदल्या रात्री टँकरनं अख्खं मैदान भिजवतात. म्हणजे ट्रक येतात तेव्हा वरची माती नेमकी ओली. मी चार अटी कागदावर लिहून दिल्या, नानांनी सही केली:

एक, ट्रक आणि बस येण्याआधी रानात पाणी मारायचं नाही. ट्रक जागेवर लागले की संध्याकाळी फक्त बसायच्या जागेवर हलका शिडकावा.

दोन, आत यायला आणि जायला एकच वाट, पूर्वेच्या बांधाकडून. चाकाचा सगळ्यात जास्त दाब पहिल्याच फेरीत बसतो. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहादा गेलेलं परवडतं. मग दुरुस्ती तेवढ्याच पट्ट्याची.

तीन, प्रेक्षकांच्या चारचाकी रस्त्यापलीकडच्या मुरमाड पडीक जागेवर. रानात फक्त दुचाकी.

चार, लोखंडी मेखा मोजून ठोकायच्या आणि मोजून काढायच्या. एक जरी राहिली तर माझ्या ट्रॅक्टरचा टायर आणि कुणाचा तरी पाय. बाटल्या, पुड्या, काचा दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर पोरांनी ओळीनं चालत वेचायच्या, ऊन चढायच्या आत.

इंग्लंडात ग्लास्टनबरी नावाचा संगीताचा मोठा उत्सव आहे. १९७० पासून तो एका दुधाच्या गोठ्यावाल्या शेतकऱ्याच्या शेतावर भरतो, आता दोन लाखांवर माणूस येतं. ते लोक काही वर्षांनी एकदा उत्सवच बंद ठेवतात, कुरणाला विश्रांती म्हणून. २०१८ ला ठेवला होता, यंदाही बंद आहे. आपल्याला देवाची यात्रा बंद ठेवता येणार नाही. पण जागा फिरवता येईल. पुढच्या वर्षी पश्चिमेच्या वाडीतल्या एकानं रान द्यावं, त्यानंतर तिसऱ्यानं, असा विषय मी बैठकीत मांडलाय. अजून कुणी हात वर केलेला नाही.

भाडं मी घेतलं नाही. त्याऐवजी यात्रा झाली की चार रात्री मेंढ्या बसवायच्या, त्याचे पैसे कमिटी धनगरांना देणार. वाटेचा पट्टा मी एकदा खोल चिझलनं फोडणार. मृगाच्या पावसावर धैंचा टाकून फुलात यायच्या आधी गाडणार. त्याआधी लोखंडी सळई घेऊन वाटेवर आणि बाजूच्या रानात, दोन्हीकडं दहा-दहा ठिकाणी ती किती खोल जाते ते मोजून इथं टाकेन.

बाकीची तयारी माणसांच्या जिवाची. विहिरीला कठडा नाही, म्हणून चारी बाजूंनी बांबू आणि जाळी, वर लाल बल्ब. पूर्वेच्या वाटेवर शेताची एक तार खाली लोंबत होती, ती वीज कंपनीच्या माणसाकडून ओढून घेतली. आणि बिबट्या. आमच्याकडं उसातून घरी जाणारी वाट रात्री एकट्यानं चालायची सोय राहिलेली नाही. तमाशा सुटला की वाड्यावस्त्यांवरच्या लोकांना पाच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून सोडायचं ठरलंय. पोरं आणि बायका आधी. ट्रॅक्टर देणाऱ्यांची नावं देवळाच्या फळ्यावर लागलीत, त्यात माझंही आहे. वनखात्यालाही कळवलंय.

आता राहिला कांदा. निम्म्या माना पडल्या की काढायचा, हा आपला नियम. आज पस्तीस टक्क्यांपर्यंत आहे, तीन दिवसांत पन्नास व्हायला हरकत नाही. पण मान जाड असताना घाईनं उपटला तर बराखीत सडतो आणि कोंब धरतो, मग पावसाळ्यातला भाव बघायला कांदाच उरत नाही. म्हणून ठरवलंय, की २५ ला रस्त्याकडचे वाफे आधी घ्यायचे, ते दोन दिवस पुढं आहेत. मधले २६ आणि २७ ला. ज्यांच्या माना २७ लाही उभ्या असतील तो माल वेगळा काढून लगेच बाजारात, बराखीत नाही. तेवढा तोटा मी धरून चाललोय. पात ओढून कांदा झाकून ठेवायचा, उन्हाचा चट्टा बसू द्यायचा नाही. आभाळ भरलं तर ताडपत्र्या बांधावर तयार आहेत. ३० ला काटणी संपवून माल चिंचेखाली सावलीत. बराखीत भरायचा तो यात्रेनंतर दहा-बारा दिवसांनी, मान पूर्ण सुकल्यावर.

मजुरांची टोळी शेजारच्या गावची आहे. त्यांचीही यात्रा पुनवेलाच. मुकादमीण म्हणाली, "दादा, ३० ला आम्ही मोकळ्या झालो पाहिजे, आमच्याकडंबी तमाशा हाय." मी म्हटलं, माझीही तीच घाई आहे. उक्तं ठरलं, वर ३० ला संध्याकाळी सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण. बुधवारी सकाळी सहाला येतायत. विळे, क्रेट, पाण्याचे जार उद्या आणून ठेवतो.